यकृत वाचले, हृदयाचे काय?

भांडवली खर्चाचे कौतुक आणि देखभालीच्या खर्चाची हेळसांड हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा जुना दोष आहे. पूल बांधण्यासाठी कर्ज मिळते, कोनशिला बसते, उद्‌घाटनाचा समारंभ होतो. पुढे त्याच पुलाच्या तुळया नियमाने तपासण्यासाठी जी अल्प रक्कम लागते, ती मात्र अंदाजपत्रकात सापडत नाही. वसईकरांना हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. २०१३ च्या डिसेंबरात खाडीवरील वर्सोवा पुलाला तडा गेल्याचे आढळले, अवजड वाहतूक वळवावी लागली, आणि देखभालीत वाचवलेला पैसा शेवटी किती महाग पडतो याचा अनुभव या भागाने घेतला. आता हाच दोष आपण माणसाच्या शरीराच्या बाबतीतही गिरवू लागलो आहोत. यकृताचे प्रत्यारोपण हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

यकृत निकामी झालेल्या माणसाला दुसऱ्याचे यकृत, किंवा त्याचा एक भाग, बसवून वाचवणे ही आधुनिक वैद्यकाची थोर कामगिरी होय. तिच्याविषयी समाजात कुतूहल आहे, सहानुभूती आहे आणि मदतीची तयारीही आहे. चर्चचे मंडळ असो, गणेशोत्सव मंडळ असो की लोकलच्या डब्यातील भजनी मंडळ असो, शेजाऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी झोळी फिरवण्यात वसई-विरारचा माणूस मागे राहत नाही. परंतु शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि रुग्ण घरी आला, की सर्वांच्या दृष्टीने ही गोष्ट संपते. वैद्यकाच्या दृष्टीने तिचा दुसरा आणि अधिक लांबीचा भाग तेथे सुरू होतो. पहिले वर्ष सुखरूप पार पाडलेल्या रुग्णाला पुढे जो धोका असतो, तो नव्या यकृताकडून त्या मानाने थोडा असतो. हृदय, रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे आणि मधुमेह यांच्याकडून अधिक असतो. अशा रुग्णांच्या दीर्घकालीन मृत्यूंत कर्करोग व जंतुसंसर्ग यांच्या जोडीने हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हे एक प्रमुख कारण मानले जाते. शरीराने नवे यकृत नाकारल्यामुळे मृत्यू येणे हे त्या मानाने विरळ. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. परंतु ज्या संकटाचे निवारण स्वस्त आणि ज्याची उपेक्षा महाग, ते संकट अर्थशास्त्राच्याही कक्षेत येते.

साठ वर्षांची वाटचाल

अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. टॉमस स्टार्झल यांनी १ मार्च १९६३ रोजी माणसावरील पहिले यकृत प्रत्यारोपण केले. तो लहानगा रुग्ण शस्त्रक्रियेतच दगावला. रुग्ण दीर्घकाळ जगला असे पहिले यश मिळायला १९६७ साल उजाडले. मुंबईलाही त्या धाडसी कालखंडाची ओळख आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयाचे प्रत्यारोपण केले; रुग्ण काही तासच जगला. या साऱ्या प्रयत्नांपुढची मोठी अडचण एकच होती. शरीर परका अवयव ओळखते आणि त्याच्यावर हल्ला चढवते. १९८० नंतर सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दडपणारे औषध हाती आले आणि चित्र पालटले. १९८३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ परिषदेने यकृत प्रत्यारोपण हा आता केवळ प्रयोग राहिला नसून तो उपचार आहे, असा निर्वाळा दिला. पुढे टॅक्रोलिमस हे अधिक प्रभावी औषध आले आणि आज बहुतेक रुग्ण त्याच्याच आधारावर जगतात.

आपल्याकडे १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि १९९८ साली दिल्लीत एका बालकावर यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले. यकृताचा भाग त्याच्या वडिलांनी दिला होता. २०२३ या एका वर्षात देशात सर्व अवयवांची मिळून १८ हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली. त्यांत यकृताची सुमारे साडेचार हजार होती. चांगल्या केंद्रांतून शस्त्रक्रियेनंतर एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ८५ ते ९० पर्यंत पोचले आहे. १४ ऑगस्ट २०१२ रोजी विलासराव देशमुख यांचे चेन्नईच्या रुग्णालयात निधन झाले, तेव्हा यकृत निकामी होणे आणि वेळेवर अवयव न मिळणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राच्या घराघरांत कळले. अवयव मिळाल्यानंतर काय, हा प्रश्न मात्र अद्याप घराघरांत पोचलेला नाही.

झाकलेले आजार

हा प्रश्न समजून घेण्यासाठी आजारी यकृताची एक खोड ध्यानात घ्यावी लागते. सिरॉसिस झालेल्या रुग्णाच्या शरीरात इतर काही आजार झाकले जातात. त्याच्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. त्यामुळे पूर्वी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाचाही रक्तदाब खाली येतो. कोलेस्टेरॉल बनवण्याचे काम मुख्यतः यकृताचे; ते थकले की रक्तातील कोलेस्टेरॉलही कमी दिसते. पोटात पाणी साठल्याने वजनाचा काटा खोटे बोलतो, आणि त्या पाण्याआड हातापायांचे झडलेले मांस लपून राहते. तांबड्या पेशींचे आयुष्य घटल्याने, साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणीही अशा रुग्णात फसवी ठरू शकते. कागदावर हृदय सुरक्षित दिसते. वस्तुतः जुनी थकबाकी तशीच साचलेली असते.

नवे यकृत काम करू लागले की हे झाकण उडते. रक्तवाहिन्या पुन्हा आवळतात, कोलेस्टेरॉल पुन्हा तयार होऊ लागते, महिनोन्‌महिने मेलेली भूक खवळून परत येते. अळणी अन्नाला कंटाळलेला माणूस मिठाला आणि तेलाला पारखा राहत नाही. वजन वाढते, पण त्या वाढीत स्नायूंपेक्षा चरबीचा वाटा मोठा असतो.

यात औषधांची भर पडते. सुरुवातीच्या काळात दिली जाणारी स्टेरॉइडे साखर, वजन आणि रक्तदाब या तिन्ही गोष्टी वाढवतात. सुदैवाने अनेक रुग्णांत ती काही महिन्यांत कमी करून बंद करता येतात. टॅक्रोलिमसमुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवण्याची क्रिया मंदावते आणि पूर्वी मधुमेह नसलेल्यालाही तो जडू शकतो. सायक्लोस्पोरिन रक्तदाब आणि रक्तातील चरबी अधिक वाढवते. ही दोन्ही औषधे मूत्रपिंडाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आवळतात, आणि वर्षानुवर्षे घेतल्यावर मूत्रपिंडे झिजण्याचा धोका असतो. मूत्रपिंडांना जपण्यासाठी सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस द्यावे, तर ती कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड वाढवतात. परिणामी वाढलेले पोट, साखर, रक्तदाब आणि चरबी या चौकडीचा मेळ प्रत्यारोपण झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांत कालांतराने जमतो, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे.

यावरून औषधेच सोडून द्यावीत असा अर्थ कोणी काढील तर तो प्राणघातक ठरेल. ही औषधे हाच नव्या यकृताचा आधार आहे. मात्रा कमी करणे, औषध बदलणे हे निर्णय प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यावयाचे असतात. रुग्णाने, त्याच्या कुटुंबाने आणि समाजाने करावयाचे काम वेगळे आहे: जो धोका अटळपणे वाढणार आहे, त्याच्यावर नियमित नजर ठेवणे आणि तो लहान असतानाच त्याला आवर घालणे.

यकृत नवे, रोग जुना

दुसरी एक गोष्ट याहूनही विचार करायला लावणारी आहे. पूर्वी यकृत निकामी होण्याची कारणे म्हणून ब आणि क या विषाणूंची कावीळ आणि मद्यपान यांचीच नावे घेतली जात. मद्यपानाचा वाटा आजही मोठा आहे. परंतु ब काविळीची लस बालकांच्या नियमित लसीकरणात आली आहे आणि क काविळीवर गेल्या दहा वर्षांत गोळ्यांचा रामबाण उपचार मिळाला आहे. त्यांची जागा वेगाने घेत आहे ते मेदाने भरलेले यकृत, ज्याला लोक सर्रास फॅटी लिव्हर म्हणतात. २०२३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी या विकाराचे नाव बदलून त्यात चयापचयातील बिघाडाचा स्पष्ट उल्लेख केला. भारत सरकारने त्याआधीच, २०२१ साली, असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा अंतर्भाव केला होता.

या रुग्णाचे यकृत बदलता येते. ज्या चयापचयाने पहिले यकृत बिघडवले, तो बदलता येत नाही. किंबहुना औषधांमुळे तो अधिकच बिघडतो. नव्या यकृतातही पुन्हा चरबी साठू लागते. मग प्रश्न एका रुग्णापुरता उरत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लाख, आणि त्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख आहेत. प्रौढांमध्ये रक्तदाबाचे प्रमाण तर शेकडा ३५ च्या वर आढळले. प्रत्यारोपण झालेला माणूस याच समाजाचा घटक आहे. आपल्याला जे २० वर्षांत होते, ते त्याला ५ वर्षांत होऊ शकते, एवढाच काय तो फरक.

वसईचे उदाहरण घ्या. केळीच्या बागा, पानवेली, फुलांचे मळे आणि बावखलांचे पाणी यांवर उभे असलेले येथील जीवन कष्टाचे होते. पहाटेपासून वाडीत राबणारा माणूस जे खाई ते घामावाटे फेडी. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेली, आणि या लोकसंख्येतील मोठा वर्ग लोकलच्या वेळापत्रकावर जगतो. पहाटेची गाडी, रात्रीचे जेवण, दोहोंच्या मध्ये स्थानकावरचा वडापाव आणि कार्यालयातील खुर्ची, असा त्याचा दिनक्रम आहे. वाडी गेली, इमारत आली. पाय मोकळे करायला पदपथही धड उरला नाही. कुटुंबाच्या ताटात वाडीच्या काळातला भात तेवढाच आहे, वाडीतले कष्ट मात्र नाहीत. अशा परिस्थितीत यकृतात चरबी साठली तर नवल ते कोणते?

वसईच्या रुग्णाची वाट

आता प्रत्यारोपण होऊन घरी परतलेल्या वसईच्या रुग्णाची दिनचर्या पाहू. टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण मोजायचे तर रक्त सकाळची मात्रा घेण्यापूर्वी, आधीच्या मात्रेनंतर साधारण १२ तासांनी द्यावे लागते. म्हणजे ज्याचे उपचार मुंबईत चालू आहेत त्याने गोळी खिशात ठेवून, गर्दीच्या वेळी विरार किंवा वसई रोडहून लोकल पकडायची, मुखपट्टी सावरत दोन-दोन तास उभे राहायचे, रक्त द्यायचे आणि मग गोळी घ्यायची. वास्तविक नमुना वसईत घेऊन मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. पण तशी सोय कोठे आहे आणि आपल्या डॉक्टरांना ती चालेल काय, हे रुग्णाला सांगणारे कोणी नसते. रोजंदारीवरील माणसाच्या दृष्टीने अशी प्रत्येक खेप म्हणजे त्याची स्वतःची आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी. साहजिकच प्रकृती ठीक वाटू लागली की खेपा लांबतात. आणि रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल यांचा दुष्टावा असा की ते वाढत असताना माणसाला प्रकृती ठीकच वाटत असते.

घरातील मायेचाही येथे विचार केला पाहिजे. मरणाच्या दारातून परतलेल्याला खाऊ घालावे असे कोणाला वाटणार नाही? भेटीला येणारा पाहुणा सुकेळीची जुडी घेऊन येतो. तिच्यात वाळवलेल्या केळ्यांची सारी साखर एकवटलेली असते. भाताबरोबर सुके बोंबील हवेतच. त्यांतील मीठ रक्तदाबाला पोषक. परसातले पपनस तर निरुपद्रवी फळ समजले जाते. परंतु पपनस आणि त्याच्या जातीतील ग्रेपफ्रूट यांच्या रसाने टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढू शकते, म्हणून ही फळे वर्ज्य सांगतात. गुडघा दुखतो म्हणून औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेली वेदनाशामक गोळी आधीच ताण सोसणाऱ्या मूत्रपिंडांना इजा करते. गुळवेलीचा काढा घेण्याची प्रथा कोविडच्या काळात वाढली. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. तो वाद तज्ज्ञांनी सोडवावा. परंतु ज्याची प्रतिकारशक्ती औषधाने हेतुपुरस्सर दडपून ठेवलेली आहे, त्याने ती वाढवण्यासाठी म्हणून प्रसिद्ध असलेला काढा डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, हे समजायला वाद सुटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

हिशेब

आता पैशाकडे वळू. खाजगी रुग्णालयात यकृत प्रत्यारोपणाचा खर्च आज २० लाखांच्या पुढे जातो. समजा, एका कुटुंबाने दागिने, वाडीचा तुकडा, कर्ज आणि देणग्या मिळून २५ लाख रुपये उभे केले. रुग्ण २० वर्षे जगला तर आयुष्याचे एक वर्ष सव्वा लाखाला पडले. पाचव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेला तर तेच वर्ष ५ लाखांना पडले. या दोन रुग्णांतील फरक बहुधा कोणत्या महागड्या यंत्राने ठरत नाही. रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी, साखरेवर नियंत्रण, तंबाखूचा त्याग, चालणे आणि वर्षातून काही वेळा केलेल्या साध्या तपासण्या यांनी तो पुष्कळ अंशी ठरतो. एवढ्या मोठ्या गुंतवणुकीचे रक्षण इतक्या अल्प विम्याने होत असताना तो विमा न उतरवणाऱ्या व्यापाऱ्याला आपण शहाणा म्हणणार नाही.

तरीही मदतीची आपली सारी व्यवस्था शस्त्रक्रियेच्या दिवसाभोवती उभी आहे. मुख्यमंत्री सहाय्यता निधी शस्त्रक्रियेला हातभार लावतो. धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटांची तरतूद आहे. पण तीही खाटांची. २०१२ साली सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिलेल्या राज्याच्या जनआरोग्य योजनेची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत वाढली, आणि २०२५ मध्ये त्याहून महाग उपचारांसाठी राखीव निधी उभारण्याचे राज्याने ठरवले. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु ही योजना मूलतः रुग्णालयात दाखल होणाऱ्याची आहे. घरी बसून रोज गोळी घेणाऱ्याचा विचार तिच्यात दुय्यम आहे. तत्त्व मात्र सरकारला अमान्य नाही. मूळ योजनेत ९७१ उपचारांबरोबर १२१ पाठपुरावा सेवाही होत्या. केंद्राच्या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांसाठी दरमहा १० हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. उणीव आहे ती या बीजाचा विस्तार करण्याची आणि हृदय, साखर व मूत्रपिंड यांची काळजी त्यात जोडण्याची.

या बाबतीत श्रीमंत देशही चुकले आहेत, आणि त्यांची चूक बोधप्रद आहे. अमेरिकेने १९७२ च्या कायद्याने मूत्रपिंडे निकामी झालेल्यांचा उपचार सरकारी विम्याखाली आणला. परंतु ज्यांना हा विमा केवळ मूत्रपिंडाच्या विकारामुळे मिळाला होता, त्यांचे औषध प्रत्यारोपणानंतर तीन वर्षांनी बंद होई. औषध परवडत नाही म्हणून काहींचे नवे मूत्रपिंड निकामी होई, आणि मग तेच सरकार त्यांच्या डायालिसिसचा, त्या औषधापेक्षा कितीतरी मोठा, खर्च उचली. ही विसंगती दूर करणारा कायदा २०२० च्या अखेरीस झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून त्या औषधांची सोय कायम झाली. एवढ्या संपन्न राष्ट्राला जे शिकायला अनेक दशके लागली, ते आपण त्यांच्या अनुभवावरून आज शिकू शकतो.

एक रास्त आक्षेप

येथे एक आक्षेप येईल, आणि तो पालघर जिल्ह्यातून येणे अगदी स्वाभाविक आहे. ज्या जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या कुपोषित बालकांचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही, तेथे मूठभर प्रत्यारोपित रुग्णांची एवढी चिंता कशासाठी? साधने मर्यादित असताना अग्रक्रम ठरवावाच लागतो, हे अर्थशास्त्राचे पहिले सूत्र आहे, आणि प्रत्येक निकामी यकृतासाठी सरकारने २५ लाख खर्च करावेत असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. परंतु आपण ज्याविषयी बोलत आहोत तो खर्च वेगळ्या जातीचा आहे. रक्तदाब मोजणे, साखर तपासणे, मूत्रपिंडाची रक्तचाचणी करणे, साध्या गोळ्या अखंड पुरवणे, आहाराचा सल्ला देणे: प्रत्यारोपित रुग्णाला लागणाऱ्या या सेवा रिक्षाचालकाला, कोळणीला, शिक्षकाला आणि निवृत्त गिरणी कामगारालाही लागतात. ३० वर्षांवरील सर्वांची अशी तपासणी करावी हे सरकारचे जाहीर धोरणच आहे. ती यंत्रणा सुदृढ झाली तर प्रत्यारोपित रुग्ण तिच्यात सहज सामावतो, आणि कितीतरी लोकांची यकृते प्रत्यारोपणाच्या टोकापर्यंत पोचतच नाहीत. कुपोषित बालकाच्या तोंडचा घास यात कोणी काढून घेत नाही.

करण्याजोगे

मग करावे काय? पहिली गोष्ट, प्रत्यारोपणासाठी कोणतीही सार्वजनिक मदत मंजूर करताना, मग ती सरकारची असो वा न्यासाची, तिचा निदान दशांश भाग पुढील वर्षांच्या औषधांसाठी आणि तपासण्यांसाठी राखून टप्प्याटप्प्याने द्यावा. गावात गोळा होणाऱ्या वर्गणीलाही हाच नियम लावता येईल. १९१८ साली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक स्थापन करणाऱ्या या भूमीला पैसा जमवून, राखून, वेळेवर वापरण्याची शिस्त परकी नाही. एखाद्या पतपेढीत रुग्णाच्या नावे असा निधी ठेवणे अवघड नाही.

दुसरी गोष्ट, वसई-विरार महानगरपालिकेने आपल्या एखाद्या रुग्णालयात आठवड्यातून एक सकाळ अशा रुग्णांसाठी राखून ठेवावी. तेथे यकृततज्ज्ञ नसला तरी चालेल. रक्तदाब, वजन, साखर, चरबी आणि मूत्रपिंडाचे कार्य तपासणारा एक फिजिशियन, टॅक्रोलिमसचा नमुना वेळेवर घेऊन मुंबईस पाठवणारा एक तंत्रज्ञ, आणि प्रत्यारोपण केंद्राशी दूरध्वनीवर संपर्क ठेवणारी एक परिचारिका एवढे पुरे. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांनाही त्याचा लाभ मिळेल.

तिसरी गोष्ट हिशेबाची. मुंबईची विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय समिती अवयवांचे वाटप पाहते, आणि वर्षभरात किती अवयव मिळाले याचे आकडे वृत्तपत्रांतून येत असतात. त्याच जोडीला प्रत्येक केंद्रातील किती रुग्ण पाच आणि दहा वर्षांनी हयात आहेत, जे गेले ते कशाने गेले, किती जणांना नव्याने मधुमेह जडला, हेही दरवर्षी जाहीर व्हावे. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, हा शासकीय व्यवहाराचा सार्वत्रिक अनुभव आहे.

चौथी गोष्ट कुटुंबांची, आणि तिच्यात न्यायाचाही प्रश्न गुंतलेला आहे. आपल्याकडील बहुतांश यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्यांच्या यकृतावर होतात. २०२३ या सबंध वर्षात देशात मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांची संख्या ११०० च्या घरातच होती. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य, आणि अवयव घेणाऱ्यांत पुरुष बहुसंख्य, असे देशातील चित्र आहे. प्रौढ रुग्णासाठी दात्याच्या यकृताचा निम्म्याहून मोठा भाग काढावा लागतो. तो भरून येतो हे खरे. पण पोटावरचा व्रण आणि त्या शस्त्रक्रियेचा धोका तिने पत्करलेला असतो. पत्नीने, बहिणीने किंवा आईने असे दान दिल्यावर रुग्णाने तंबाखू चालू ठेवावी, ताडीच्या बैठकीला पुन्हा हजेरी लावावी, रक्तदाबाची गोळी विसरावी, हे केवळ बेफिकिरीचे वर्तन राहत नाही. त्या दानाची ती अवहेलना आहे. आणि जिने दान दिले तिची स्वतःची नियमित तपासणी होते काय, याची चौकशी घरात कोणी करीत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या चारही सूचनांत अशक्य असे काही नाही. त्यांना नव्या इमारतीची किंवा परदेशी यंत्राची गरज नाही. कदाचित म्हणूनच त्या मागे पडतात, कारण रक्तदाबाच्या वहीचे उद्‌घाटन करायला कोणी येत नाही. महानगरपालिकेचे पुढील अंदाजपत्रक तयार होईल तेव्हा रस्ते, गटारे आणि सुशोभीकरण यांच्या आकड्यांखाली अशा एका सकाळच्या दवाखान्याची ओळ आहे काय, हे नागरिकांनी आणि नगरसेवकांनी पाहावे. ती नसेल तर ती मागावी. ज्यांच्यासाठी आपण एकदा झोळी फिरवली, त्यांच्या पुढील आयुष्याची जबाबदारीही काही अंशी आपल्यावर येते.